अमानत आणि अनामत

मराठीतले घरभाड्याच्या व्यवहाराचे शब्द एका ओळीत मांडून पाहावेत. मालक, किराया, करार, कबजा, जामीन, दलाल, वसूल, बाकी. हे सगळे शब्द अरबी-फारसीच्या वाटेने दफ्तरात आले आणि दफ्तरातून घराघरांत पोचले. त्याच रांगेत 'अनामत' हा शब्द उभा आहे. मूळ शब्द 'अमानत'. मराठी जिभेने 'म' आणि 'न' यांची जागा बदलली आणि अमानतची अनामत झाली. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात मुलांना अमानत म्हणजे काय ते समजावतो आणि मधल्या सुट्टीत कार्यालयात बसून मराठी कागदावर 'अनामत रक्कम' असे लिहितो. अक्षरे तीच, फक्त त्यांची जागा बदललेली. अर्थाचेही तसेच काही झाले आहे काय, हा प्रश्न बरेच दिवस मनात घोळतो आहे.

अमानत म्हणजे दुसऱ्याची वस्तू. ती सांभाळायची, वापरायची नाही आणि मालकाने मागितली की जशीच्या तशी परत करायची. सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांना पोचत्या करण्याचा हुकूम आहे. हिजरतच्या रात्री पैगंबर साहेबांनी हजरत अलींना मक्केत मागे ठेवले, ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. ज्या शहरातले लोक जिवावर उठले होते, त्याच शहरातल्या लोकांच्या त्या ठेवी होत्या. ही गोष्ट आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. आणि तरीही भाड्याच्या खोलीची अनामत परत मिळवताना किती फेऱ्या माराव्या लागतात, हे त्याच घरातल्या मोठ्यांना ठाऊक असते.

अनामत किती घ्यायची हे घरमालक ठरवतो तरी कसे? वरवर पाहता उत्तर सोपे आहे. दोन महिन्यांचे, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे भाडे. पण दोनच का, सहाच का, असे विचारले की बहुतेक मालक म्हणतात, "इथे असाच रिवाज आहे." रिवाजाच्या पोटात काय असते ते आम्हाला पहिल्या नोकरीच्या गावी कळले.

आम्ही नोकरीला लागलो ते शिक्षण सेवक म्हणून. तीन वर्षे मानधनावर काम, त्यानंतर वेतनश्रेणी. माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेवकाला तेव्हा महिना ८००० रुपये मिळत आणि प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला ६०००. हे आकडे वाढून १८००० आणि १६००० झाले ते थेट जानेवारी २०२३ पासून. तालुक्याच्या त्या गावात आम्हाला एक खोली, मोरी आणि पुढे पत्र्याची पडवी असे घर मिळाले. भाडे २५०० रुपये. अनामत १५०००. म्हणजे सहा महिन्यांचे भाडे आणि आमचे जवळपास दोन महिन्यांचे मानधन. एक भाग अम्मींनी बिशीतून उचलला, एक भाग मामूंकडून उसना आला.

घरमालक चाचा पाच वक्ताचे नमाजी, बोलायला गोड. एकदा चहा पिताना आम्ही सहज विचारले, "चाचा, सहा महिन्यांचेच का?" ते म्हणाले, "बेटा, तुझ्या अगोदर जो राहत होता तो चार महिन्यांचे भाडे बुडवून गेला. वर दोन महिन्यांचे भाडे जाईल एवढे लाइटचे बिल. चार आणि दोन किती झाले?" हिशेब चोख होता. ज्या माणसाला आम्ही कधी पाहिले नाही, त्याने न भरलेले भाडे आमच्या अनामतीत मोजले गेले होते. पुढे आम्ही बऱ्याच जणांना विचारले आणि उत्तर कमी-अधिक हेच मिळाले. नव्या भाडेकरूची अनामत बहुधा जुना भाडेकरू ठरवून गेलेला असतो.

मालकाच्या बाजूनेही पाहायला हवे, नाहीतर लिहिणे एकतर्फी होईल. खोली भाड्याने देणारा प्रत्येक जण शेठ नसतो. मोहल्ल्यात कितीतरी बेवा बाया दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवतात. त्यांची भीती खरी असते. भाडेकरूने भाडे थांबवले तर पहिला महिना वाट पाहण्यात जातो, दुसरा समजावण्यात, तिसरा चार माणसांना मध्ये घालण्यात. मग नोटीस, वकील, तारखा. विजेचे मीटर मालकाच्या नावावर असते. बिल थकले की महावितरण जोडणी तोडते ती मालकाची. भाडेकरू निघून जातो, थकबाकी मीटरला चिकटून राहते. वर फुटलेला नळ, उखडलेली फरशी, हरवलेली चावी. या सगळ्याची बेरीज मालक मनातल्या मनात करतो आणि तिला महिन्याच्या भाड्याने भागतो. जो आकडा येतो ती अनामत. इथवर हा व्यवहार समजण्यासारखा आहे, त्याला आम्ही वाईट म्हणत नाही.

भीतीचा हा हिशेब महाराष्ट्रात इतका मोठा का झाला, याला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली. पुढे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. भाड्याखेरीज वर नजराणा घेणे गुन्हा ठरला. हेतू चांगला होता, गरीब भाडेकरू बेघर होऊ नये हा. पण महागाई वाढत गेली, भाडे तिथेच राहिले. मग वरचा पैसा चोरपावलांनी आला. त्यालाच पागडी म्हणतात. भाडेकरू बदलताना लाखांची रक्कम हातोहात फिरायची, त्यातला तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासचा वाटा मालकाला जायचा आणि कागदावर त्याचे नावनिशाण नसायचे. डोंगरी, भेंडीबाजार, मदनपुरा इथे ज्यांचे नातलग आहेत त्यांना हे सांगायला नको.

पागडीला वळसा घालण्यासाठी 'लिव्ह अँड लायसन्स' हा प्रकार रूढ झाला. म्हणजे भाडेकरार नाही, फक्त राहण्याची परवानगी. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यांच्या डोक्यावरचे छप्पर वाचले हे खरे, पण मालकांच्या मनात धास्ती बसली की एकदा माणूस आत आला की तो बाहेर निघत नाही. कितीतरी घरे कुलूप लावून रिकामी ठेवली गेली ती या धास्तीने. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनेक दशके गोठलेली ही भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या नव्या कायद्यात तीन गोष्टी आहेत ज्या आपल्या मोहल्ल्यात फार थोड्यांना माहीत आहेत. एक, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्याकडे चालणारा अकरा महिन्यांचा नोटरीचा कागद ही पळवाट जुन्या नोंदणी कायद्याच्या आधाराने रुळली. तिथे एका वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट होती. महाराष्ट्रात त्या सुटीचा आधार राहिला नाही. दोन, कलम २४ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडले नाही तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि राहणाऱ्याकडून दुप्पट शुल्क वसूल होऊ शकते. तीन, कलम ५६ ने जी पागडी पूर्वी गुन्हा होती तिला कायद्याचा दरवाजा उघडून दिला. अनामतीला मात्र वरची मर्यादा या कायद्यात कुठेच घातलेली नाही. शिवाय हा कायदा मुख्यतः अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांचा. खेड्यातल्या खोल्यांचा व्यवहार आजही बहुतेक तोंडी चालतो.

म्हणजे १९७३ नंतरची धास्ती ज्या कायद्याने बऱ्याच अंशी दूर केली, तो कायदा येऊन पंचवीस वर्षे होऊन गेली. धास्ती कमी झाली तर अनामतही कमी व्हायला हवी होती. ती झाली नाही. याचा अर्थ अनामतीत भीतीखेरीज आणखी काही मिसळलेले आहे.

त्यातले पहिले म्हणजे गरज. आमच्या चाचांचेच पाहा. तीन वर्षांनी आमची बदली झाली तेव्हा आम्ही एक महिना अगोदर सांगितले, भाडे चुकते केले, लाइट बिलाची पावती हातात दिली. चाचांनी ५००० रुपये रंगरंगोटीसाठी कापले. तीन वर्षांत भिंतीचा चुना काळवंडतो, त्यासाठी भाडेकरूने काही करावे लागत नाही. पण तेही जाऊ द्या. उरलेले १०००० रुपये मागितले तर चाचा खाली मान घालून म्हणाले, "बेटा, पैसा तो स्लॅब में लग गया. नया किरायेदार आने दे." नवा भाडेकरू दोन महिन्यांनी आला, त्याने अनामत भरली आणि त्या अनामतीतून आमचे पैसे दोन हप्त्यांत परत आले. पहिला हप्ता दोन महिन्यांनी, दुसरा चार महिन्यांनी. चाचा लबाड नव्हते. त्यांनी ती रक्कम कधी अमानत मानलीच नव्हती. त्यांच्या लेखी ते घर बांधायला मिळालेले बिनव्याजी कर्ज होते. आणि अनामत १५००० ठरली त्याला जुन्या भाडेकरूइतकेच स्लॅबचे लोखंडही जबाबदार होते, हे आम्हाला तेव्हा उमगले.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात दक्षिण कोरियात घडली. तिथे 'जोन्से' नावाची पद्धत आहे. भाडेकरू घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक, कधी ७०-८० टक्के रक्कम एकदम देतो आणि दरमहा भाडे देत नाही. मालक त्या पैशावर आणखी घरे घेतो. नवा भाडेकरू येतो, त्याच्या रकमेतून जुन्याला परत मिळते. २०२२-२३ च्या सुमारास घरांच्या किमती घसरल्या, नवी अनामत जुनीपेक्षा कमी मिळू लागली आणि हजारो कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकली. त्यात कित्येक मालकांनी सरळ फसवणूक केली होती. तिथल्या सरकारला २०२३ मध्ये पीडितांसाठी खास कायदा करावा लागला. कोरियाचे नाव काढायचे ते एवढ्यासाठी की आपल्याकडचे 'हेवी डिपॉझिट' त्याच जातीचे आहे.

मुंबई, मुंब्रा, मीरा रोड या भागांत हेवी डिपॉझिट हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी फार. काही लाख रुपये एकरकमी द्यायचे, भाडे नाही किंवा नावापुरते. मुदत संपली की पूर्ण रक्कम परत. ऐकायला दोघांचाही फायदा. इथे थोडे गणित करू, आम्ही शेवटी मास्तरच. सरकार लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क घेते ते ०.२५ टक्के. हे शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्यावर तर असतेच, शिवाय परत करायच्या अनामतीवर दरसाल १० टक्के व्याज धरून त्या व्याजावरही असते. म्हणजे सरकारलाही मान्य आहे की अनामत नुसती पडून राहत नाही, ती मालकाला काहीतरी मिळवून देते.

तोच १० टक्क्यांचा दर धरला तर ४००० रुपये भाडे आणि २०००० अनामत असलेल्या घराचे खरे भाडे किती? वर्षाला २००० रुपये व्याज गेले, म्हणजे महिन्याला सुमारे १६७. खरे भाडे ४१६७. बेंगळुरूत दहा महिन्यांच्या अनामतीचा रिवाज प्रसिद्ध आहे. तिथला भाडेकरू या हिशेबाने वर्षाला बारा नव्हे, तेरा महिन्यांचे भाडे देतो. आणि भाडे अजिबात द्यायचे नसेल तर अनामत भाड्याच्या १२० पट हवी. ५००० भाड्याच्या खोलीला सहा लाख. हेवी डिपॉझिटचे आकडे कुठून येतात ते यातून कळते. मालक बँकेचा दर पाहतो, भाड्याला त्याने भागतो आणि आकडा सांगतो. त्याने स्वतः गणित केलेले नसते, दलालाने केलेले असते.

आता ज्या समाजात सूद हा शब्द ऐकला की कानाला हात लावतात, त्या समाजाने या गणितावर थोडे थांबायला हवे. अनेक उलेमांचे म्हणणे असे की मालकाने ती रक्कम खर्च केली की ती अमानत राहत नाही, ती कर्ज होते, आणि कर्जाच्या मोबदल्यात फुकट किंवा कमी भाड्याने घर वापरायला देणे म्हणजे कर्जावर नफा देणे. तो नफा रुपयांत नसून छपराच्या रूपात आहे, एवढाच फरक. वाजवी भाडे आणि हमीपुरती अनामत याला त्यांची हरकत नसते. तारण ठेवणे ही गोष्ट शरीयतला अनोळखी नाही. खुद्द पैगंबर साहेबांचे चिलखत मदीनेत एका यहुदी माणसाकडे जवाच्या बदल्यात गहाण होते, असे हदीसमध्ये आहे. तारण म्हणजे भरवशासाठी ठेवलेली वस्तू. त्यावर कमाई करणे ही दुसरी गोष्ट. मशिदीत बँकेच्या व्याजावर बयान ऐकून बाहेर आलेला माणूस दारातच हेवी डिपॉझिटची बोलणी करताना आम्ही पाहिला आहे. त्याला यात काही विसंगत वाटत नव्हते.

अनामतीत मिसळलेली दुसरी गोष्ट म्हणजे माणसाचा चेहरा. आडनाव, पोशाख, धंदा, स्वयंपाकघरातला वास. मुसलमानांना शहरात घर भाड्याने किंवा विकत मिळण्यात अडचण येते, हे सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुसलमान अशा घर शोधणाऱ्यांचा अनुभव तपासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून हेच समोर आले की दलित आणि मुसलमानांना नकार अधिक मिळतो, आणि घर मिळालेच तर वाढीव भाडे किंवा जाचक अटी पदरी पडतात. आम्हालाही एका शहरात फोनवर "या, पाहून जा" म्हणणाऱ्या आवाजाने नाव ऐकल्यावर "कालच दिली हो खोली" असे सांगितले आहे. हा अनुभव वाचणाऱ्यांपैकी कित्येकांचा असेल. त्याचे रडगाणे नको.

पण त्या नकाराचा पुढचा टप्पा आपण बोलत नाही. बाहेरची दहा दारे बंद झाली की माणूस मोहल्ल्यात येतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्याला गेलेली कुटुंबे अशीच गेली. मोहल्ल्यातल्या मालकाला पक्के ठाऊक असते की याला दुसरीकडे जागा नाही. मग अनामत वाढते. इथे ना जुन्या भाडेकरूचा हिशेब, ना लाइट बिलाचा, ना स्लॅबचा. ज्याला जाण्याजोगी दारे कमी, त्याला अनामत जास्त, एवढाच नियम. परक्याने दार बंद केले त्याची किंमत आपलाच माणूस वसूल करतो. आणि मोहल्ल्याच्या आतही पुन्हा बिरादरी आहे. तडव्याला वेगळा आकडा, पिंजाऱ्याला वेगळा, परगावच्या कारागिराला वेगळा, एकट्या राहणाऱ्या बाईला तर दारच नाही. आपल्यावर झालेला अन्याय आपण जपून ठेवतो आणि संधी मिळाली की जसाच्या तसा पुढच्याला देतो. तेवढी एकच अमानत आपण इमानदारीने पोचवतो, असे कधी कधी वाटते.

यावर उपाय नाही असे नाही. इंग्लंडमध्ये २००७ पासून मालकाला अनामत स्वतःच्या मर्जीने ठेवता येत नाही. सरकारमान्य योजनेत ती ३० दिवसांच्या आत सुरक्षित करावी लागते, वाद झाला तर तिथे निवाडा होतो आणि नेहमीच्या वापराने झालेल्या झिजेसाठी पैसे कापता येत नाहीत. २०१९ च्या कायद्याने तिथे बहुतेक घरांसाठी अनामत पाच आठवड्यांच्या भाड्यापुरती मर्यादित केली. आपल्या केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे आणि इतर जागेसाठी सहा महिन्यांचे भाडे एवढीच अनामत आहे, आणि घराचा ताबा परत घेतानाच वाजवी कपात करून ती परत करायची आहे. पण घरभाडे हा राज्यांचा विषय. राज्याने कायदा केल्याशिवाय त्या मसुद्याला बळ नाही. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्येच दोन महिन्यांची मर्यादा घातली. कायद्याची वाट पाहणे ठीक आहे, पण दोन महिन्यांहून जास्त घेऊ नये असे स्वतःहून ठरवायला कोणाची मनाई नाही.

हे लिहिण्याची गरज वाटली ती आता आम्ही दुसऱ्या बाजूला उभे आहोत म्हणून. कळसाडीला अब्बांनी घरामागे दोन खोल्या काढल्या होत्या. त्यांच्या इंतकालनंतर त्या अम्मींच्या नावावर आल्या. अम्मी सांगतात की पूर्वी गावात मास्तर किंवा तलाठी आला की कोणाच्या तरी ओसरीला लागून त्याची सोय होई, भाड्याची बोली होई, अनामत हा शब्द कोणी काढत नसे. आता तसे राहिले नाही. गेल्या साली आरोग्य खात्यात कंत्राटी नोकरी करणारी एक पावरा मुलगी धडगावकडून आली आणि तिने खोली विचारली. सोबत तिची आई. भाडे १५०० ठरले. अनामतीचा प्रश्न आला तेव्हा घरात मजलिस बसली.

एक चुलतभाऊ म्हणाले, दहा हजार घ्या. विचारले, का? म्हणाले, "कंत्राटी नोकरी, उद्या सुटली तर? आणि यांचे लोक हंगामाला गुजरातमध्ये ऊसतोडीला निघून जातात, मागे कुठे शोधणार?" दुसरे म्हणाले, तिला शहाद्याला जाऊन-येऊन करणे परवडणार नाही, आणि गावात तिला दुसरी खोली कोण देतो, ती देईल दहा हजार. हे वाक्य ऐकून आम्ही चपापलो. "यांचे लोक" हे शब्द आणि "दुसरी खोली कोण देतो" हा हिशेब आमच्या ओळखीचा होता. तो आम्ही आजवर दाराच्या बाहेर उभे राहून ऐकला होता. या वेळी दाराच्या आत बसून ऐकत होतो.

अम्मी फारशा शिकलेल्या नाहीत, पण हिशेबाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "ती न सांगता गेली तर आपले नुकसान किती होईल ते मोजा. तिचे लोक कोण ते मोजू नका." आम्ही वही काढली. एक महिन्याचे बुडालेले भाडे १५००. थकबाकी लक्षात येईपर्यंत दोन महिन्यांचे लाइट बिल, खोलीच्या सब-मीटरवर साधारण ७००. कुलूप, नळ, एखादी फुटलेली काच मिळून ५००. बेरीज २७००. अम्मी म्हणाल्या, तीन हजार ठीक. म्हणजे दोन महिन्यांचे भाडे. चुलतभाऊ नाराज झाले. अम्मींनी त्यांना विचारले, "आपल्या नात्यातली मुलगी आली असती तर किती घेतले असते?" ते काही बोलले नाहीत.

कागद आम्ही मराठीत लिहिला, कारण तो त्या मुलीला आणि आम्हाला दोघांनाही वाचता येतो. भाडे, तारीख, मीटरचे आकडे, नळ किती, खिडकीची एक काच आधीच तडकलेली, उत्तरेच्या भिंतीला ओल आहे हेही. रंगरंगोटीचे पैसे कापणार नाही, चावी मिळेल त्या दिवशी उरलेली रक्कम हातात देऊ, असे खाली लिहिले. दोन प्रती, दोन साक्षीदार, रकमेची पावती. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची जी आयत आहे ती कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. बरकतीसाठी तिची तिलावत आपण करतो, व्यवहारासाठी तिचा वापर करत नाही. मुलीच्या आईने कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हते. तिने मुलीला सगळा मोठ्याने वाचायला लावला, मग अंगठा दिला.

ते तीन हजार रुपये अम्मींनी पाकिटात घालून पेटीत ठेवले आहेत. मध्यंतरी छपराचे पत्रे बदलायचे होते, हात आखडता होता. आम्हीच म्हणालो की पेटीतले तात्पुरते घेऊ, पुढच्या पगाराला भरून टाकू. अम्मी म्हणाल्या, "ते आपले नाहीत." पत्रे एक महिना उशिरा बदलले, तेवढेच.

यात फार मोठे काही केले असा आमचा दावा नाही. तीन हजारांचा व्यवहार तो काय. ती मुलगी अजून राहते आहे, भाडे कधी चार दिवस पुढे-मागे होते, आणि चुलतभाऊ अजून म्हणतात की बघा हं. कदाचित ती खरोखरच एखाद्या दिवशी न सांगता जाईल. तेव्हा काय काय जाईल हे वहीत आधीच मांडलेले आहे, त्यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. आणि सांगून गेली तर चावी घेताना पाकीट तिच्या हातात द्यायचे आहे.